चष्म्याच्या दुकानातून आलेत

४ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्या बहिणीने आशीर्वाद लिहायचे असतात. आज ते लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ चष्म्यापासून सुरुवात करते. चष्मा छान झालाय. नाकावर रुतत नाही, खाली वाकलं तरी घसरत नाही. जुना कायम एका बाजूला कललेला असायचा आणि तुझे भावोजी मला म्हणायचे, तू जगाकडे वाकड्या नजरेनेच बघतेस. आता त्यांना दुसरा विनोद शोधावा लागेल.

परवा तू स्टुडिओत आलास आणि घोटभर पाणीही न पिता गेलास. मी तुझ्यामागे जिन्यापर्यंत आले होते, पण तोवर तू खाली पोचला होतास. नंतर फोन केले, तू उचलले नाहीस. मग आठवलं, तुला फोन नको असतो. तोंड दिसत नाही आणि आवाज येतो, म्हणजे पुन्हा तेच सुरू, असं तू एकदा म्हणाला होतास. म्हणून हा कागद. एकाच गावात राहून पत्र लिहिणारी बहीण तुला तरी दुसरी कुठे मिळणार?

तर मुद्दा असा. दारात तुला बघून आमच्या दिग्दर्शकाने विचारलं, "हे कोण?" आणि मी म्हणाले, "चष्म्याच्या दुकानातून आलेत." आता यात खोटं काय होतं, सांग. तू दुकानातूनच आला होतास. हातात चष्म्याची डबी होती, शर्टाच्या खिशावर दुकानाचं नाव शिवलेलं होतं. माणूस घाईत असला की समोर दिसतं ते बोलून मोकळा होतो. आमच्याकडे त्या दिवशी बाहेरच्या लोकांना आमचं काम पहिल्यांदा दाखवायचं होतं. आमच्या सल्लागार डॉक्टरीणबाई आलेल्या, खुर्च्या कमी पडत होत्या, माझी एक वायर सापडत नव्हती. त्या गोंधळात ओळखी कोण करून देत बसणार?

आणि तूही काही कमी नाहीस. "मॅडम, बसवून बघा, कानामागे टोचतंय का," म्हणालास. मॅडम! मला हसू फुटणार होतं. तू माझ्या डोळ्यांवरून चष्मा काढलास, मोजमाप काही न घेता डावी काडी जराशी वाकवलीस आणि परत बसवलास. दिग्दर्शक म्हणाला, "नुसतं बघून कळतं तुम्हाला?" तू म्हणालास, "सवय आहे." मला वाटलं तू माझी फिरकी घेतोयस. फिरकीच घेत होतास ना?

मनाला लावून घेऊ नकोस. रविवारी जेवायला ये.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

रविवारी तुझं ताट वाढून ठेवलं होतं. ते झाकलं, मग उघडलं, मग मीच खाल्लं. भावोजींनी काही विचारलं नाही. मागच्या पत्रात ते तुझी चौकशी करत होते असं मी लिहिणार होते. बरं झालं लिहिलं नाही, तेवढं एक खोटं कमी झालं.

एक मात्र लिहिलंच गेलं होतं. जिन्यापर्यंत मी आले नव्हते. मी माझ्या खुर्चीतून उठलेच नव्हते.

आम्ही तिथे काय करतो ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. "आवाजाचं काम" एवढंच म्हणायचे. तू ते बघितलंसच, पण माझ्याकडून ऐकलेलं नाहीस, म्हणून आता सांगते. ही एक छोटी फिल्म आहे, व्हीआरची. डोळ्यांवर तो हेडसेट चढवला की माणूस एका खोलीत जाऊन बसतो. खोली त्याची नसते. ती आवाज ऐकू येणाऱ्या एका आजारी माणसाची असते. मान वळवाल तिकडे खोलीच दिसते, बाहेर पडता येत नाही. कपाटातून कुणी बोलतं, पलंगाखालून कुणी कुजबुजतं. ते बोलणं कुठून यावं, किती जवळून यावं, हे मी ठरवते. दुकानांचे मालक, शिक्षक, पोलीस, कचेऱ्यांमधले साहेब यांना हे दाखवायचं. अशा माणसाला बघून त्यांनी चार पावलं मागे सरकू नये, त्याला कामावरून काढू नये, घरातल्यांनी त्याला लपवून ठेवू नये, यासाठी हा सगळा खटाटोप. घरातल्यांनी लपवून ठेवू नये! हे वाक्य आमच्या माहितीपत्रकात आहे आणि ते मी सुचवलेलं आहे.

खोली तुझी आहे. तू ओळखलीस.

तू बरा होत होतास त्या उन्हाळ्यात आपण माझ्या गॅलरीत बसायचो. मी विचारत गेले आणि तू सांगत गेलास. नळाचं पाणी पिऊ नकोस म्हणणारा आवाज. आरशावर टॉवेल टाकून तो लाल चिमट्यांनी घट्ट लावलेला. "कुणाला सांगणार नाहीस ना?" असं तू विचारलंस आणि मी म्हणाले, "वेडा आहेस का?" मग आपण दोघं एकमेकांकडे बघून इतकं हसलो की शेजारच्या बाई डोकावल्या. तुझ्याबरोबर इतकं मोकळं मी त्याआधी कधी हसले नव्हते. आणि त्यातलं सगळं, शब्दन् शब्द, मी उचलून फिल्मला दिलं.

टीमला सांगितलं होतं, "ओळखीतल्या एकाचा अनुभव आहे." त्यांनी परवानगीचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "हो, आहे." तुला मी विचारलं नव्हतं. विचारणारही नव्हते. तू कुठे व्हीआर बघायला जाणार, असा माझा हिशोब होता.

आणि मग तू चष्मा घेऊन आलास, आणि आमचा तो उत्साही दिग्दर्शक तुला म्हणाला, "दादा, तुम्हीपण बघून जा ना. बाहेरच्या माणसाचं मत पाहिजेच आहे आम्हाला." टिल्लू, एका परक्या पोराने तुला पहिल्या भेटीत दादा म्हटलं. सख्ख्या बहिणीने काय म्हटलं होतं? "आलेत."

तू माझ्याकडे बघितलंस. मी "त्यांना घाई असेल" एवढं जरी म्हणाले असते तरी तू सुटला असतास. मी टेबलाखाली वाकून वायर शोधायला लागले. वायर माझ्या हातातच होती.

त्या फिरत्या खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस गरगर फिरतो. मागून आवाज आला की दचकतो, पलंगाखाली बघतो, कपाटाकडे वळतो. मी सगळ्यांचं बघत असते, ते माझं कामच आहे. तू वळला नाहीस. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सरळ बसून राहिलास. तुला वळायची गरजच काय होती? कुठे काय आहे ते तुला पाठ होतं. शेवटाकडे फक्त एकदा तू मान वळवलीस, दाराकडे. फिल्ममध्ये ते दार बंदच असतं.

हेडसेट काढल्यावर दिग्दर्शकाने विचारलं, "कसं वाटलं?" तू डोळे चोळलेस आणि म्हणालास, "चांगलं आहे. आवाज जरा मोठा आहे." मग डबी माझ्या टेबलावर ठेवलीस आणि गेलास.

मला तेव्हा जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण जमीन तशीच राहिली आणि मी पुढच्या माणसाला खुर्चीत बसवलं.

ताई


२ मार्च

प्रिय टिल्लू,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षा करत नाही, असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. रोज खाली जाऊन टपालपेटी उघडते. वीजबिल इतक्या प्रेमाने कुणी उघडलं नसेल.

इथे गोष्टी पुढे सरकल्यात. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. त्या फार बोलत नाहीत, पण बघतात. म्हणाल्या, "ते चष्मेवाले वळले नाहीत. तुमच्या लक्षात आलं?" मी म्हणाले, "दमले असतील, दिवसभर दुकानात उभे असतात." म्हणजे तुला मी पुन्हा एकदा दुकानात पाठवून दिलं! त्या नुसत्या थांबल्या. समोरच्या बाईने काही न बोलता थांबावं यासारखी शिक्षा नाही. मग मला रडू फुटलं आणि सगळं बाहेर आलं. खोली कुणाची, आवाज कुणाचे, आणि परवानगी नव्हती हेही.

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाल्या, "त्यांना विचारा. ते नाही म्हणाले तर हे दाखवायचं नाही, कितीही काम झालेलं असलं तरी. आणि हो म्हणाले तर त्यांच्या अटींवर."

म्हणून विचारते. टिल्लू, फिल्म दाखवू का? वीस तारखेला व्यापारी संघाच्या सभागृहात पहिला कार्यक्रम ठरलाय. तुझे मालकही त्या संघात आहेत, ते येतील. तू नाही म्हणालास तर सगळं थांबेल. दिग्दर्शक माझं तोंड बघणार नाही, वर्षभराचं काम पाण्यात जाईल, पण ते माझं मी बघेन. हे वाचताना तुला वाटेल, ताई आता आपल्यावर दडपण आणतेय. आणतेच आहे बहुतेक. परवानगी हवी म्हणून लिहितेय की तू हवास म्हणून, हे मी स्वतःला विचारून बघितलं. उत्तर फार चांगलं आलं नाही. दोन्ही हवंय मला.

पण मी एक ठरवलंय, आणि ते ठरवल्यापासून छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतंय. तू हो म्हणालास तर त्या सभेत मी उभी राहणार. सगळ्यांसमोर माईकवर सांगणार की ही गोष्ट माझ्या सख्ख्या भावाची आहे, तो आजारी होता, आता स्वतःच्या पायावर उभा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. नाव घेऊन सांगणार. जे त्या दिवशी एका माणसासमोर जमलं नाही ते शंभर माणसांसमोर करणार. वाक्यं पाठ केलीत. भावोजींना म्हणून दाखवली. ते म्हणाले, "त्याला विचारलंस का?" मी म्हणाले, "त्याच्यासाठीच तर करतेय!"

कळव. एक शब्द लिहिलास तरी चालेल.

ताई


९ मार्च

टिल्लू,

तुझं कार्ड आलं. दुकानाच्या कार्डाच्या मागच्या बाजूला, त्या बारीक गोल अक्षरांत. मी ते इतक्यांदा वाचलंय की आता न बघता लिहू शकते.

"ताई, सभेत काही बोलू नकोस. मालकांना माहीत नाही. फिल्म दाखव, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आरशावरचे चिमटे काढ, आत्याने माझी खोली बघितलीय, ती ओळखेल. आवाज कमी कर, ते हळू बोलतात, म्हणून तर ऐकावं लागतं. आणि त्या दिवशी नुसतं 'माझा भाऊ' म्हणाली असतीस तर कुणाला काय कळणार होतं?"

पहिलं वाक्य वाचून मी रागावले, खरं सांगते. मी एवढं धाडस करायला निघाले आणि हा मला गप्प बसवतो, असं वाटलं. मग लक्षात आलं की मी तुझी नोकरी, तुझं रोजचं जाणं-येणं, तुझ्या टेबलापाशी कुणी तुला न घाबरता उभं राहतं ते, सगळं माईकवर उधळून टाकणार होते. कशासाठी? माझी मान वर व्हावी म्हणून. भावोजींनी तीन शब्दांत विचारलं होतं आणि मी त्यांच्यावर खेकसले. त्यांची माफी मागितली. त्यांनी बराच वेळ त्याचा फायदा घेतला.

पण शेवटचं वाक्य. टिल्लू, त्या वाक्यापाशी मी अजून बसून आहे.

खरंच कुणाला काय कळणार होतं? मी "हा माझा भाऊ, चष्मा घेऊन आलाय" म्हणाले असते, तर दिग्दर्शक "अरे वा, या, बसा" म्हणाला असता. कुणीतरी तुला पाणी दिलं असतं. तू कधी आजारी होतास का, कुठल्या खोलीत राहत होतास, औषध घेतोस का, असं कुणी विचारणार नव्हतं. तुझ्या कपाळावर काहीही लिहिलेलं नाही. उंच आहेस, केस पिकायला लागलेत, शर्टाला नीट इस्त्री असते. जे काही लिहिलेलं होतं ते माझ्या डोक्यात होतं. 'भाऊ' म्हटलं की पाठोपाठ 'तो आजार' आलाच, असं मी किती वर्षं धरून चाललेय! लोकांनी विचारायच्या आधीच मी उत्तर लपवायला लागते. पोलिसांच्या आणि दुकानदारांच्या डोक्यातलं काढायला निघालेली बाई. त्या खुर्चीत आधी मला बसवायला पाहिजे होतं.

मला तुझी लाज वाटत होती. एवढंच आहे ते. मी आजवर त्याला घाई म्हटलं, गडबड म्हटलं, तुझी काळजी म्हटलं. ती लाज होती. आता मला माझी वाटते, आणि ती जास्त टोचते.

चिमटे काढलेत. या कॅमेऱ्याला सगळीकडचं दिसतं, त्यामुळे नको ती वस्तू चौकटीबाहेर सरकवून ठेवायची सोय नसते. आमच्या संकलकाने एकेक चिमटा हाताने पुसला. का, असं त्याने विचारलं; मी म्हणाले, "ज्यांची खोली आहे त्यांनी सांगितलंय." ते ऐकून तो पुढच्या चिमट्याकडे वळला. आवाजही कमी केले. आता माणसं पूर्वीसारखी दचकत नाहीत. ती पुढे झुकतात, कान देतात, श्वास रोखून धरतात, आणि मग बाहेर कुणी त्यांच्याशी बोललं तर त्यांना ऐकूच येत नाही. डॉक्टरीणबाईंनी बघून मान डोलावली. हे कुणी सुचवलं ते त्यांनी विचारलं नाही, त्यांना कळलं.

ताई


२३ मार्च

प्रिय टिल्लू,

कार्यक्रम झाला. मी मागे माझ्या टेबलाशी बसले होते आणि तोंड उघडलं नाही. दिग्दर्शक बोलला, डॉक्टरीणबाई बोलल्या, टाळ्या झाल्या. गोष्ट कुणाची ते कुणी सांगितलं नाही.

तुझ्या मालकांनीही हेडसेट लावला. बाहेर आल्यावर रुमालाने कपाळ पुसत बसून राहिले. मग शेजारच्या माणसाला म्हणाले, "खरं सांगू का, माझ्याकडे असा कुणी कामाला असता तर मी दुसऱ्या दिवशी घरी पाठवला असता. बाप रे. एवढं डोक्यात चालू असताना माणूस उभा तरी कसा राहत असेल?" मी दोन हातांवर होते. माझ्या जिभेवर तुझं नाव आलं होतं. ते मी गिळलं, आणि तुला सांगते, आयुष्यात इतकं काही मी कधी गिळलं नव्हतं.

काल तुझ्या दुकानात आले ते चष्म्यासाठी नव्हे. काडीचा स्क्रू मीच घरी सुरीच्या टोकाने सैल केला होता. नवीन चष्म्याचं असं केलं म्हणून तू ओरडशील, ओरड.

आत आले तर काउंटरवर मालक. मला त्यांनी ओळखलं नाही, टेबलामागच्या बाईकडे कोण बघतं? "बोला मॅडम, काय दाखवू?" एक वाक्य मी रस्ताभर घोकत आले होते. विचार कर, एका शब्दासाठी या वयात घोकंपट्टी! मी म्हणाले, "माझा भाऊ इथे काम करतो." ते इतक्या मोठ्याने निघालं की आरशासमोर फ्रेम लावून बघणारी मुलगी वळून बघायला लागली.

मालक म्हणाले, "कोण, आपला उंच? त्याला बहीण आहे? कधी बोलला नाही."

कधी बोलला नाहीस. बरोबरच आहे, मी काय सांगण्यासारखी बहीण होते? तेवढ्यात त्यांनी आत हाक मारली, "अरे, तुझी बहीण आलीये!" आणि काचा घासायचं यंत्र थांबलं. ते लगेच सुरू होईल असं मला वाटलं. तू आतूनच सांगशील, नाही, माझी कुणी बहीण नाही. किंवा बाहेर येशील आणि हसून म्हणशील, बोला मॅडम. ते मी निमूट घेतलं असतं.

तू आलास. हात पुसलेस, माझ्या डोळ्यांवरून चष्मा काढलास, आणि स्क्रू आवळायला लागलास. मालक म्हणाले, "परत बसवतोयस तर माप घे की नीट." आणि तू म्हणालास, "माप कशाला? ताई आहे माझी. डावा कान वर आहे तिचा, जन्मापासून."

मालक हसले. ती मुलगीही हसली. मी हसले की काय केलं ते मला आठवत नाही.

यातलं सगळं तुला माहीत आहे, तू तिथे होतास. तरी लिहितेय, कारण एक गोष्ट फक्त तुलाच माहीत आहे आणि मला नाही. तू "ताई आहे माझी" म्हणालास तेव्हा माझा चष्मा तुझ्या हातात होता. समोर मला एक उंच, पुसट माणूस तेवढा दिसत होता. चष्मा परत बसला तोवर तू पाठ फिरवून आत गेला होतास आणि यंत्र सुरू झालं होतं.

तुझा चेहरा कसा होता रे तेव्हा? लोकांसमोर म्हणायचं म्हणून म्हणालास, की तुला म्हणायचं होतं? लिहून कळवू नकोस. मी पुन्हा येईन, दुकान बंद व्हायच्या वेळेला, आणि चष्मा मी डोळ्यांवर धरून ठेवीन. तेव्हा पुन्हा एकदा म्हण, मला बघू दे.

तुझी बहीण